बिनवायरीचा टीव्ही

“ओढू नकोस ती. सावकाश निघेल,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, आता वायरचं कामच नाही,” असं म्हणत अवधूतनं ती ओढलीच. भिंतीवरच्या क्लिपा पटापटा उडाल्या, त्यातली एक माझ्या चहाच्या बशीत येऊन पडली. छतापासून दारापर्यंत भिंतीचे पोपडे निघाले.

अप्पा दिवाणावर बसून बघत राहिले. अप्पा म्हणजे शिवराम म्हेत्रे, टेलिफोन खात्यातले लाइनमन. तेहतीस वर्षं विट्यात आणि आसपासच्या खेड्यांत खांबांवर चढून त्यांनी तारा ओढल्या. घरातली टीव्हीची वायरही त्यांनीच बसवलेली. गच्चीवरून खिडकीत, खिडकीतून चौकटीच्या कडेनं खाली, वीतवीत अंतरावर एकेक क्लिप, कुठं झोळ म्हणून नाही. आई म्हणायची, माझ्याकडं कधी बघितलं नसेल एवढं ह्या माणसानं वायरीकडं बघितलंय.

अवधूत माझा धाकटा भाऊ. बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तो न सांगता आला, तो गाडीत भिंतभर टीव्ही घालूनच. सोप्यातला जुना टीव्ही, त्याची डिश, त्याच्या वायरी, सगळं त्यानं दुपारपर्यंत काढून टाकलं. नव्याला फक्त विजेची वायर, आणि तीही त्यानं टीव्हीच्या मागं दडवली. बाकी सगळं हवेतून.

“वायर बिघडली तर हाताला लागते,” अप्पा म्हणाले. “उंदरानं कुरतडली, पाणी शिरलं, काय असंल ते माणूस चालत चालत शोधतो. हवेत बिघडलं तर कुठं चढून बघायचं?”

“बघावंच लागत नाही. आपोआप होतं सगळं.”

“आपोआप होतं ते आपोआप बिघडतं.”

एरवी एवढ्यावर बापलेकांची जुंपली असती. दोघांचं बोलणं म्हणजे कामापुरतं, आणि काम संपलं की भांडण. पण त्या दिवशी अवधूत स्टुलावरून खाली उतरला आणि म्हणाला, “असू दे अप्पा. तुमचंही बरोबरच आहे.”

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडं बघितलं. “काय रे, बरं नाही काय तुला?”

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू, म्हणून मी कपबशी घेऊन आत पळाले.

बरं नव्हतं ते अप्पांना. पाठीत दुखतंय, जेवण जात नाही, म्हणून आम्ही त्यांना मिरजेला नेलं होतं. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं आणि मला नि अवधूतला आत बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, म्हणाले. पसरलाय. आम्ही बाहेर आलो आणि अप्पांना सांगितलं, अल्सर आहे.

आमच्याकडची रीतच आहे ती. मोठं दुखणं दुखणेकऱ्याला सोडून अख्ख्या गल्लीला सांगतात. पण आम्ही गल्लीलाही सांगितलं नाही, आणि आईलाही नाही, कारण आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. फक्त मी आणि अवधूत. कारणही तसंच होतं. अप्पांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, यांना डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तात्या घरी आले, भिंतीकडं तोंड करून निजले आणि पुन्हा ताटावर म्हणून बसले नाहीत. अडीच आठवड्यांत गेले. तेव्हा अप्पाच म्हणाले होते, “सांगायला नको होतं त्याला. सांगून मारलं.” हे वाक्य मी आणि अवधूत, दोघांनीही ऐकलेलं. म्हणून ठरलं, काय वाट्टेल ते होऊ दे, अप्पांना कळता कामा नये.

आणि ते ठरल्यापासून हा पोरगा गोड बोलायला लागला होता. आमच्या घरात गोड बोलणं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. मी त्याला गच्चीवर नेऊन झापलं.

“तुझ्या तोंडावर लिहिलंय सगळं. भांड की जरा नेहमीसारखा.”

“होत नाही गं ताई.”

“मग बेंगळुरूला जा. इथं मी बघते.”

मी सांगलीला शाळेत शिकवते. मे महिन्याची सुट्टी लागलेली, पोरं मोठी, नवऱ्याला स्वतःपुरतं करून खाता येतं. सुट्टीभर माहेरी राहायला काही अडचण नव्हती. अवधूत दुसऱ्या दिवशी निघाला. निघण्याआधी दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी की, फोनवर बोलायचं नाही, असं आम्ही ठरवलं. विट्याचं घर ते केवढं, सोपा, स्वयंपाकघर आणि माजघर. बोललं की ऐकू जाणारच. त्यापेक्षा तो निरोप बोलून पाठवणार आणि मी सवडीनं, आवाज बारीक करून, एकटी असताना ऐकणार. मला तेव्हा ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यानं मला टीव्ही शिकवला. “हे दाब, की तुझ्या फोनमधलं सगळं टीव्हीवर.”

“सगळं?”

“सगळं. दिसतं ते दिसणार, वाजतं ते वाजणार. वायर लावायला नको, काढायला नको.”

मी मास्तरीण, मी वहीत लिहून घेतलं. पहिल्यांदा हे, मग ते, मग टीव्हीचं नाव. तेवढ्यात आईनं त्याच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबायला घेतली, चटणी मावेना, त्याला निघायला उशीर, आणि बंद कसं करायचं ते लिहायचं राहिलं. मला वाटलं, व्हिडिओ संपला की संपलं.

मग मे महिना. आईनं पापडाचा घाट घातला. अप्पांना पापड आवडतो आणि हल्ली त्यांच्या तोंडाला तेवढीच चव होती. उडदाचं पीठ मी कुटायचं, मीच लाट्या करायच्या, आईनं लाटायचं आणि गच्चीवर नेऊन वाळत घालायचं. त्या सकाळी मावसबहिणीनं तिच्या नातवाच्या बारशाचा व्हिडिओ पाठवला होता. अप्पांना दाखवायचा म्हणून मी वहीत बघून फोन टीव्हीला जोडला. बाळ भिंतीएवढं दिसलं. अप्पा खूश झाले.

“नाक पणजीचं आलंय, शेवंताक्काचं,” म्हणाले. “मोठ्यावर कसं सगळं दिसतं बघ.”

“बघा, बिनवायरीचं चालतं की नाही?”

“चालतंय. पण कुणाच्या जिवावर चालतंय ते कळत नाही.”

व्हिडिओ संपला. फोनचा पडदा काळा झाला, टीव्हीही काळा झाला. आईनं आतून हाक मारली, मी फोन घेऊन आत गेले. अप्पा पेपर वाचत बसले. वायर असती तर फोन टीव्हीलाच बांधलेला राहिला असता, मला उचलून नेताच आला नसता. हे मला आत्ता सांगता येतंय. तेव्हा मी फोन ओट्यावर ठेवला आणि तेलाचा हात लावून पीठ मळायला बसले.

आई पापडांचं सूप घेऊन गच्चीवर गेली. तेवढ्यात फोन थरथरला. अवधूतचा निरोप होता, चार मिनिटांचा. तो रिपोर्ट घेऊन मुंबईला गेला होता, तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला. मी चार दिवस त्या निरोपाची वाट बघत होते, जीव टांगणीला लागला होता. आई गच्चीवर, अप्पा पेपरात, म्हणजे मी एकटी. यापेक्षा चांगली वेळ कुठली? मी करंगळीच्या पेरानं आधी आवाज अगदी बारीक केला आणि मग निरोप चालू केला.

काही ऐकू येईना. निरोपाची ती रेघ पुढं सरकताना दिसत होती, पण आवाज नाही. फारच बारीक झाला वाटतं, म्हणून मी मनगटानं कडेचं बटण दाबलं. तरी नाही. आणखी दाबलं. आणखी. फोन बिघडला, म्हटलं, आत्ताच बिघडायचा होता. मग बटण दाबूनच धरलं.

आणि सोप्यातून अवधूतचा आवाज आला.

पहिल्यांदा मला वाटलं, हा आला कसा? मुंबईहून परस्पर आला की काय? आवाज चांगला खणखणीत, दारात उभा राहून बोलावं तसा.

“...रिपोर्ट नीट बघितले त्यांनी. ऑपरेशन नकोच म्हणाले, ताई. लिव्हरमध्ये गेलंय. तीन महिने, फार तर चार...”

मी फोनवर बोट मारलं, फोन ऐकेना. बोटं तेला-पिठानं बरबटलेली, पडद्याला त्यांचा स्पर्शच कळत नव्हता. पदराला पुसली, पुन्हा मारलं, पडद्यावर पिठाचा लपका बसला. पुढं धावले. सोप्याच्या दारात आले तर टीव्हीवर माझाच फोन, भिंतीएवढा. वर अवधूतचं नाव, खाली तो निरोप चाललेला.

कुठली वायर ओढू? प्लग टीव्हीच्या मागं, तिथं माझा हात पोचत नाही. मेन स्विच बंद करायचं सुचायला हवं होतं. सुचलं नाही. गेली सात वर्षं रोज सुचतंय.

रिमोट अप्पांच्या मांडीवर होता.

“अप्पा, बंद करा,” मी म्हणाले. “अप्पा, ते बंद करा आधी.”

अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. उजवा तळहात वर केला, थांब म्हणून, आणि मान जराशी कलती करून ऐकत राहिले.

“...अप्पांना काही सांगायचं नाही. अल्सरच म्हणायचं. मी बाहेर बाकड्यावर बसलोय गं. लोक बघतायत.” मग नुसता श्वास. मग तो रडायला लागला. माझा एवढा मोठा भाऊ, चाळिशीचा गडी, बाकड्यावर बसून हुंदके देत होता आणि ते हुंदके विट्यातल्या सोप्यात घुमत होते. “मी कधी नीट बोललो नाही त्यांच्याशी. एकदाही नाही. आणि आता बोलायला गेलो तर त्यांना संशय येईल. काय करू मी, ताई?”

यानंतर शब्द नव्हते, फक्त रडणं. किती वेळ होतं कुणास ठाऊक, मला तास वाटला. मी पिठानं माखलेल्या हातांनी तशीच उभी. अप्पांचा तळहात तसाच वर.

निरोप संपला. टीव्हीवर आमचे जुने निरोप दिसत होते, बोटाएवढ्या अक्षरांत. ‘अप्पांना संशय नाही ना?’ ‘नाही.’ ‘आईसमोर रडू नकोस.’ ‘अल्सर म्हटलं की पटतं त्यांना.’ अप्पांनी नाकावरचा चष्मा सारखा केला आणि ते सगळे वाचले. माझ्यादेखत, वरून खाली. मला ते रोखता आलं नाही.

मग त्यांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

जिन्यावर आईची चाहूल लागली. ती रिकामं सूप घेऊन आत आली.

“अवधूचा आवाज आला काय गं?”

तात्या भिंतीकडं तोंड करून निजलेले मला दिसत होते. आता हे निजणार, आणि याला कारण मी, माझा फोन, माझं बोट.

“फोन होता,” अप्पा म्हणाले. “नलूनं मोठ्यावर लावला होता.”

“काय म्हणतोय?”

“पुढच्या महिन्यात येतो म्हणाला.”

“आणि तुमच्या अल्सरचं?”

“त्याचं काय. गोळ्या चालू ठेवा म्हणाला.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “पीठ वाळतंय, नले. जा.”

मी गेले. लाट्या केल्या. सगळ्या लहानमोठ्या झाल्या, मास्तरणीला हे शोभत नाही, असं आईनं मला ऐकवलं. जेवायला अप्पा ताटावर बसले. मी त्यांच्या ताटाकडंच बघत होते. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, रोज खायचे तेवढीच, आणि एक पापड मागून घेतला.

दुपारी आई आडवी झाल्यावर त्यांनी मला परसात बोलावलं. लिंबाखाली बाजेवर बसले होते. मी त्यांच्या पायापाशी बसले आणि रडायला लागले.

“आता तू सुरू करू नकोस,” अप्पा म्हणाले.

“रिमोट तुमच्या मांडीवर होता. का बंद केलं नाही?”

“चालू बोलणं कसं तोडायचं?”

“म्हणजे?”

“खांबावर चढलो की आधी कान लावून बघायचो. लाइनवर कुणी बोलत असलं तर हात लावायचा नाही. बोलणं संपू द्यायचं, मग तोडायचं. एकदा भिवघाटात एक पोरगी माहेरी बापाशी बोलत होती. रडत होती. पाऊण तास टांगून राहिलो मी खांबाला. खाली साहेब शिव्या देतोय, वर मी गप्प.” अप्पांनी बाजेची सुतळी बोटांनी चाचपली. “लोकांच्या पोरींसाठी थांबलो. मग माझ्या पोराचं कसं तोडू?”

मी पदरानं डोळे पुसले.

“मला त्याचं रडणं ठाऊकच नव्हतं, नले. पाळण्यात ऐकलं असंल तेवढंच. माझ्यासाठी एवढं रडतंय म्हणजे...” पुढचं त्यांनी सांगितलं नाही. खाकरले. मग म्हणाले, “अवधूला सांगायचं नाही.”

“काय सांगायचं नाही?”

“मला कळलंय ते.”

“अप्पा, असं कसं? तुम्ही दोघं बोला की आता. तो तेच म्हणत होता ना, बोललो नाही म्हणून. आता तरी बोला.”

“काय बोलणार? तो मला धीर देणार, मी त्याला देणार. आणि कळलं कसं हे त्यानं विचारलं तर? त्याचं रडणं मी टीव्हीवर ऐकलं म्हणून सांगू? मरेपर्यंत मान वर करणार नाही ते पोर.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “त्यानं टीव्ही आणला, मुंबईला धावला, खोटं बोलायला शिकला. पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी जीव लावून करतोय. ते फुकट गेलं असं त्याला वाटायला नको. यश येऊ दे त्याला.”

“आणि मी? मी काय करू?”

“तू दोन्हीकडचं सांभाळ. तुला जमतं.”

“नाही जमत मला,” मी म्हणाले. खरंच नव्हतं जमत. पण हात त्यांनी डोक्यावरून काढला नाही आणि शेवटी मी हो म्हणाले. माझ्यापुढं दुसरं होतं तरी काय? एकीकडं भावाला वचन दिलेलं, एकीकडं बापाला.

त्या दिवसापासून अप्पांनी नवीनच खूळ काढलं. संध्याकाळी अवधूतचा फोन आला की, मोठ्यावर लाव, म्हणायचे. तोंड नीट दिसतं. मी फोन जोडून हातात धरून बसायची, कारण अवधूतला अप्पा दिसायला हवे असायचे. टीव्हीवर अवधूत, हसरा चेहरा करून.

“काय अप्पा, अल्सर काय म्हणतोय?”

“जरा जळजळतंय. बाकी बरा आहे.”

“तिखट कमी खा.”

“तुझी आई घालते. तिला सांग.”

“टीव्ही चालतोय ना नीट?”

“मध्ये मध्ये अडकतो. वायरीचा कधी अडकला नव्हता.”

“झालं तुमचं सुरू,” असं म्हणून तो खोखो हसायचा. अप्पाही हसायचे. पूर्वी कधी पाच मिनिटं बोलले नव्हते, आता अर्धा अर्धा तास चालायचं. तो अप्पांना खांबांच्या गोष्टी विचारायचा, अप्पा त्याला ऑफिसचं विचारायचे. आई कौतुकानं म्हणायची, “बघा, आजारपणानं बापलेक जवळ आले.” आणि माझ्या हाताला रग लागलेली असायची. दोघंही एकमेकांना फसवत होते, अगदी मायेनं, आणि ते सगळं माझ्या हातातल्या फोनमधून जात होतं. एकदा तर वाटलं, फोन आपटावा जमिनीवर आणि दोघांनाही ओरडून सांगावं. आपटला नाही. चार्जिंग संपत आलं होतं, ते लावायला उठले.

रात्री अवधूतचा निरोप यायचा, लिहून. बोलून पाठवू नकोस, आवाज बाहेर जातो, असं मी त्याला सांगितलं होतं. ‘आज फ्रेश वाटले. संशय नाही ना?’ मी लिहायची, ‘नाही.’

जूनमध्ये शाळा सुरू झाली, मी शनिवार-रविवार यायला लागले. दर वेळी अप्पा थोडे कमी झालेले असायचे. सदरा अंगात लोंबायचा. दुखायला लागलं की दिवाणाचा काठ धरायचे आणि आई आली की सोडायचे. मला तो हात दिसायचा. मी फक्त बघायची. औषधाची मात्रा वाढवून आणायची आणि आईला सांगायची, अल्सरचीच आहे, नवीन कंपनीची.

ऑगस्टमध्ये त्यांना मिरजेला हलवलं. आईला तेव्हा सांगावं लागलं. ती माझ्यावर आणि अवधूतवर खूप चिडली, आणि तिचं बरोबरच होतं. अवधूत आला आणि चार दिवस अप्पांच्या खाटेपासून हलला नाही. खाटेजवळ असताना दात आवळून हसत राहायचा. अप्पा, लवकर बरे व्हा, टीव्हीला परत वायर लावायचीय म्हणायचा. पाचव्या दिवशी पहाटे अप्पा गेले. मी तेव्हा खालून चहा आणायला गेले होते.

दहावा झाला, पाहुणे गेले. दुपारी स्वयंपाकघरात मी आणि अवधूत दोघंच होतो. त्याच्यापुढं ताट वाढलेलं, पण तो भातात नुसती बोटं फिरवत होता. गेले दहा दिवस असंच चाललं होतं.

“ताई, एक सांगू?”

“सांग की.”

“शेवटच्या रात्री त्यांनी मला जवळ बोलावलं. कानाशी तोंड आणून म्हणाले, तेवढं रडत जाऊ नकोस रे.”

मी हातातला डाव आमटीच्या पातेल्यात ठेवला.

“मी एकदाही रडलो नाही गं त्यांच्यासमोर,” अवधूत म्हणाला. “एकदाही नाही. तू होतीस ना, बघितलंस ना. मग असं का म्हणाले?”

“ग्लानीत असतील.”

“मलाही तेच वाटलं. पण ‘तेवढं’ म्हणाले. तेवढं म्हणजे केवढं? जणू काही...” तो थांबला. कपाळाला आठ्या घालून भाताकडं बघत राहिला. मला वाटलं, आता याला कळतंय. आणि खरं सांगते, मला वाटलं, कळू दे. देवा, आपोआप कळू दे याला, माझ्या तोंडून नको. ह्या ओझ्यातून सुटते मी. मी तोंडही उघडलं.

पण त्यानं मान हलवली. “ग्लानीच. नाहीतर त्यांना कुठून कळणार?” मग त्यानं माझ्याकडं बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत जरा शांतपणा दिसला. “एक मात्र आहे, ताई. आयुष्यात मी त्यांच्या मनासारखं काही केलं नाही. पण त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. तात्यांसारखं झालं नाही त्यांचं. तेवढं एक तरी जमलं मला. जमलं ना?”

“जमलं की,” मी म्हणाले. “तुझ्यामुळंच जमलं.”

त्यानं भात कालवला आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला. मी वाढत राहिले.